पादचाऱ्यांचा पोळा

बैलाला वर्षातून एकदा अंघोळ घालतात, त्याची शिंगं रंगवतात, पाठीवर झूल टाकतात आणि पुरणपोळी भरवतात. पुण्यातल्या पादचाऱ्याचा पोळा ११ डिसेंबरला येतो. २०२१ पासून महापालिका या दिवशी पादचारी दिन साजरा करते आणि लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा गाड्यांना बंद ठेवते. तारीख बहुधा अकरा नंबरच्या बसवरून काढली असावी. रांगोळ्या पडतात, बाकं येतात, पथनाट्यं होतात. पुणेकर भर रस्त्यात उभा राहून सेल्फी काढतो, कारण लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध उभं राहूनही मागून हॉर्न वाजला नाही, हे घरी पुराव्याशिवाय कुणाला पटत नाही.

१२ डिसेंबरला पुन्हा मानेवर जू.

या भागाची जडणघडण मुळात पायांच्या हिशेबाने झाली. तुळशीबागेतलं राममंदिर पेशवाईतलं; त्याच्याभोवती जो बाजार वाढला, त्यात आजही कोपराने वाट काढावी लागते. विश्रामबागवाडा १८०७ चा. तो बांधताना दुसऱ्या बाजीरावाने तळघरात चारशे स्कूटरींची सोय का केली नाही, हा प्रश्न इतिहास संशोधकांनी अजून हाती घेतलेला नाही. पुढे रस्ता रुंद झाला तो माणसांसाठी की मोटारींसाठी, याचं उत्तर आज फुटपाथवर स्टँडला लावून ठेवलेलं दिसतं.

गाड्या बंद केल्या तर धंदा बुडेल, गाव ठप्प होईल, असं म्हणणाऱ्यांना अनंत चतुर्दशी आठवत नसावी. त्या दिवशी हाच रस्ता मिरवणुकीसाठी बंद होतो, तोही दुसऱ्या दिवशीपर्यंत, तीसएक तास. गाव बुडत नाही, फक्त गणपती बुडतात. एरवी दहा मिनिटांच्या खोळंब्यावर संपादकांना पत्र धाडणारे सद्गृहस्थ त्या गर्दीत खांद्यावर नातू घेऊन उभे असतात.

कागदावर मात्र आपण कुणाला हार जात नाही. २०१६ साली महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं. ते पुढे सरकलं नाही म्हणून उगाच दोष देऊ नये. त्याला चालायला सलग फुटपाथ मिळाला नसेल. त्याआधी कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर शनिवार-रविवारचा वॉकिंग प्लाझाही भरला आणि बंद पडला. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे, पण तिथल्या दुचाकीस्वारांनी ती फारशी मनावर घेतलेली नाही. त्या बाबतीत ते आपलेच.

कोपनहेगनने १९६२ मध्ये आपला मुख्य बाजाररस्ता, स्ट्रॉयट, गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही हाकाटी केली होती. डेन्मार्क म्हणजे काही इटली नव्हे, असल्या थंडीत रस्त्यावर रेंगाळणार कोण, असा त्यांचा मुद्दा. तो रस्ता आजही पायी चालणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे थंडीची सबब चालणार नाही, म्हणून उन्हाची काढली आहे.

यावर लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीवाल्या काकांचं मत घेतलं. (काका काल्पनिक आहेत, मत घाऊक भावात मिळतं.)

“गिऱ्हाईक गाडीवरून येतं हो,” काका म्हणाले. “दारात गाडी लावता आली नाही तर ते मॉलमध्ये जातं.”

“पण तुमच्या दारात आता चार गाड्या आहेत. गिऱ्हाइकांच्या?”

“छे! एक माझी, एक चिरंजीवांची, दोन आपल्या माणसांच्या. सकाळी दहाला लावतो, रात्री नऊला काढतो. जागा सोडली की गेली!”

“मग गिऱ्हाईक गाडी कुठे लावतं?”

“लांब लावतं कुठेतरी, नारायण पेठेत वगैरे. येतं चालत.”

“म्हणजे चालतच येतं?”

काकांनी एक पैठणी उलगडली, पुन्हा घडी घातली आणि तोडगा सांगितला. पादचाऱ्यांना त्यांचा मुळीच विरोध नाही. फक्त पुढच्या वर्षीपासून पादचारी दिन नदीपात्रात घ्यावा. तिथे पार्किंगला भरपूर जागा आहे.