दहाच्या आत दरबारी

आपल्या संगीतशास्त्रात दिवसाचे आठ प्रहर असतात. पुण्यात दोनच उरलेत: रात्री दहाच्या आधीचा आणि दहानंतरचा. पहिल्यात सगळं गाणं कोंबायचं, दुसऱ्यात रिक्षा शोधायची.

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या मैदानावरच्या महोत्सवाला गेलो होतो. कार्यक्रमाची वेळ साडेपाच. साडेपाचला मांडवात सतरंज्या होत्या, सतरंज्यांवर आधी येऊन गेलेल्यांचे रुमाल होते आणि वर्षभर ट्रंकेत पडून राहिलेल्या शालींचा डांबरगोळ्यांचा वास होता. सहाला दीपप्रज्वलन. काडी चार वेळा विझली, कारण समईच्या बरोब्बर वर पंखा. मग शाल-श्रीफळ. मग ‘मला गाण्यातलं काही कळत नाही’ अशी कबुली देऊन प्रमुख पाहुण्यांनी त्या न कळण्यावर बावीस मिनिटं विवेचन केलं. आधीचे दोन कलाकार झाले आणि ज्यांच्यासाठी आम्ही पाठीत उसण भरेपर्यंत बसलो होतो, ते बुवा नऊ वाजून दहा मिनिटांनी मंचावर आले. तंबोरे जुळेतो नऊ वीस. आणि बुवांनी दरबारी सुरू केला.

दरबारी म्हणजे मध्यरात्रीचा राग. त्याचा कोमल गंधार नुसता लावून भागत नाही, त्याला झुलवावं लागतं, आणि झुलवायला वेळ लागतो. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तनच मिनिटभराचं. म्हणजे बुवांच्या हाती उणीपुरी चाळीस आवर्तनं. मंद्र सप्तकात ते नुकते कुठे स्थिरावत होते, तोच विंगेतून एक कार्यकर्ता हळूच पुढे आला आणि स्वतःच्या मनगटाकडे बोट दाखवून मागे गेला. नऊ बावन्नला द्रुत. नऊ सत्तावन्नला मागून कुणीतरी ओरडलं, ‘भैरवी!’ बुवांनी दोन मिनिटांत भैरवी उरकली, उरलेल्या एका मिनिटात आभारप्रदर्शन झालं. तानसेनानं हा राग अकबरासाठी रचला अशी आख्यायिका आहे. आमच्या मांडवात दरबार भरायच्या आतच अकबराला चपला शोधायला लावलं.

नियमाला नावं ठेवायची नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार ही मर्यादा बारापर्यंत वाढवू शकतं. घरात आजारी माणूस, दहावीचं पोर किंवा नुसतीच झोपेची आवड असलेला माणूस असेल तर हा नियम किती मोलाचा, हे कळायला शास्त्रीय संगीत यावं लागत नाही. बंद सभागृहाला तर ही अटही नाही. तिथे रखवालदार असतो. तो साडेनऊला किल्ल्या वाजवायला लागतो, तेही पक्क्या लयीत.

आमचं म्हणणं एवढंच की, हा नियम चार तंबोऱ्यांना जितका चटकन ऐकू येतो तितका चाळीस फुटी स्पीकरच्या भिंतीला येत नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीचे कान स्वतःच्याच आवाजानं बसलेले असावेत. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी दरवर्षी विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर चौकाचौकांत उभे राहून आवाज मोजतात आणि सरासरी शंभराच्या आसपास येते. पंचावन्न आणि शंभर म्हणजे दुप्पटही नाही, असं वाटून मंडळाचे अध्यक्ष निर्धास्त असतात. पण डेसिबलचा हिशेब किराण्यासारखा नसतो. दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. पंचावन्नचे एकशे पाच झाले की ती एक लाख पट झाली. लाखाची गोष्ट म्हणतात ती ही!

तरीही मिरवणूक बेकायदा आहे असं कुणी समजू नये. बाराच्या ठोक्याला स्पीकर बंद होतात. मग मंडळं आहेत तिथेच उभी राहतात, सहा वाजायची वाट बघत. अलका चौकाच्या अलीकडे गणपती रात्रभर ताटकळतो, कार्यकर्ते रथावरच पेंगतात, आणि सहा वाजता पहिला ठोका असा पडतो की पेठेतल्या सगळ्या मांजरांची दिशा बदलते. विसर्जन तीस तासांच्या घरात का जातं याची चर्चा दरवर्षी होते. त्यात हे सहा तास नुसते उभं राहण्याचे असतात, हे मात्र कुणी धरत नाही. लोकमान्यांनी १८९३ साली उत्सव सार्वजनिक केला तेव्हा सार्वजनिक झोपेची कल्पना त्यांना सुचली नसावी.

याउलट सवाई. गुरू सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, १९५२ साली गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ पासून महोत्सव सुरू केला. त्या काळी तो रात्रभर चाले. आमच्या सोसायटीत असे तीन ज्येष्ठ नागरिक आहेत की ज्यांनी रमणबागेत कुडकुडत, थर्मासमधला चहा पीत, उजाडताना भीमसेनांचं गाणं ऐकलंय. ते ही गोष्ट गोवा मुक्ती आंदोलनात गेल्यासारखी सांगतात. त्यांना पेन्शन मिळत नाही एवढंच.

आता महोत्सव मुकुंदनगरला भरतो आणि दुपारीच सुरू होतो. परिणाम असा की आमची पिढी दुपारच्या रागांत पारंगत झाली. भीमपलास, पटदीप, मधुवंती पाठ. मुलतानी तर इतका ऐकलाय की उद्या मुलतानला गेलो तर स्टेशनवर लोक ओळख दाखवतील. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो. सहा ते दहा या चार तासांत मारवा, पूरिया, यमन, बागेश्री आणि जमलं तर घाईघाईत मालकंस, अशी सगळ्या रात्रीची चळत लावायची. शनिवारी बारापर्यंत मुभा मिळते. त्या दिवशी रसिक असे सजून येतात की जणू मुंज आहे. बाराला पाच कमी असताना ते डोळे मिटून मान डोलावतात, आणि त्यातले निम्मे खरंच गाणं ऐकत असतात.

तरुणांचं काही वेगळं असेल म्हणून एकदा भाचीबरोबर एनएच७ वीकेंडरला गेलो. २०१० साली तो कोरेगाव पार्कात सुरू झाला, हे तिनं मला सवाईच्या ज्येष्ठांच्याच सुरात सांगितलं. तिथे सतरंजी नव्हती, रुमालाऐवजी मनगटाला पट्टा होता, आणि गोंदवलेल्या दंडाचा एक मुलगा डोळे मिटून गिटार ऐकत होता. दहा वाजता तोही बुवांच्या चेहऱ्यानं घड्याळाकडे बघायला लागला. पुण्यात धोतर आणि फाटकी जीन्स यांना एकाच पंगतीत बसवण्याचं काम समाजसुधारकांना जमलं नव्हतं. ते दहाच्या काट्यानं केलं.

राहता राहिली दिवाळी पहाट. लाउडस्पीकरला सहाची परवानगी, म्हणून पहाट सहाला होते. तोवर पूर्वेला तांबडं फुटलेलं असतं, अभ्यंगस्नानाचं तेल मानेवरून ओघळत असतं आणि मंचामागे भावी नगरसेवकांचा हात जोडलेला, सूर्यापेक्षा तेजस्वी फोटो असतो. ललत गायचा तर तो बिचारा निवेदकाच्या तावडीतून सुटायला हवा. निवेदक प्रत्येक गाण्याआधी दवबिंदू, प्राजक्त आणि आई यांवर बोलतो. त्याचं संपेपर्यंत तोडीची वेळ झालेली असते. मंडळी मात्र खूश. पास फुकट, चिवडा फुकट आणि आठला घरी.

त्या दरबारीच्या रात्री मी घरी आलो ते साडेदहाला. राग अर्धवट राहिला की शिंक अडकल्यासारखं होतं. झोप येईना. शेवटी सव्वाबाराला मोबाइलवर जुना, तासाभराचा दरबारी हळू आवाजात लावला. गंधार झुलायला लागला, आणि दाराची बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी. हेच गृहस्थ भाद्रपदात गल्लीतल्या मंडळाचे खजिनदार असतात.

‘साहेब, किती वाजले?’

‘अहो, अगदी बारीक आवाज आहे. कोमल गंधार आहे.’

‘कोमल असो नाहीतर कडक असो, दहानंतर बंद म्हणजे बंद.’ जाता जाता जिन्यात थांबून ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, ‘सकाळी सहाला लावा की. तेव्हा कोण नको म्हणतंय?’