खव्याची मौखिक परीक्षा

धाराशिव जिल्ह्यातल्या भूममध्ये खवा करायचा तर अन्न परवान्याचा कागद, एक कढई आणि पहाटे उठायची तयारी एवढं पुरतं. त्याच खव्यावर इंजिनिअरिंगची पीएचडी करायची तर दूध सोडून बाकी सगळं लागतं.

समजा, एका भट्टीवाल्या आप्पांच्या पोरानं मेकॅनिकलमध्ये एमटेक केलं. तासिका तत्त्वावर शिकवून त्याचा जीव विटला आणि त्यानं ठरवलं, आता डॉक्टर व्हायचं. विषय शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. भट्टीवर दूध आटतं, घट्ट होतं, तसतशी कढईची उष्णता आतपर्यंत पोचेनाशी होते आणि तळाला थर धरतो. हात क्षणभर थांबला तर सगळी कढई करपते. यावर उपाय म्हणून कढई फिरणारी आणि पातं जागेवर उभं असणारी मशीन आली. तरी थर धरतोच. हा खरोखरचा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे आणि तो सुटला तर तालुक्यातल्या निम्म्या भट्ट्यांचं जळण वाचेल. म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

आधी प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट. अर्धे प्रश्न विषयाचे आणि अर्धे संशोधन पद्धतीचे. एमटेकला 55 टक्के होते, ती काळजी नव्हती. पोरानं चार महिने गृहीतक म्हणजे काय, ते पाठ केलं. लेखी परीक्षेला 70 आणि मुलाखतीला 30 असं वजन. मुलाखतीत एकानं विचारलं, "पीएचडी का करायचीय?" खरं उत्तर 'बढतीसाठी' असं होतं. इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला एमटेक चालतं, पण पुढच्या पायरीवर डॉक्टरकी लागते. पोरानं 'समाजाच्या उन्नतीसाठी' असं सांगितलं आणि पास झाला.

मग गाइड शोधायचा. इथे मात्र बुद्धी चालत नाही, पाय चालावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार. ज्यांचा विषय जुळतो त्यांच्याकडे जागा नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरलेली नाहीत, म्हणून त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. आणि ज्यांच्याकडे जागाही आहे, वर्षंही आहेत, त्यांचा विषय आहे पुलाचं काँक्रीट. लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ कोकणात माणगावजवळ, मराठवाडा विद्यापीठ संभाजीनगरला. पोरगा भूमहून निघायचा, हातात दोन किलो पेढे. पेढे पोचायचे, अर्ज पोचायचा नाही. शेवटी काँक्रीटवाले सर म्हणाले, "हरकत नाही, दोन्ही घट्टच होतं."

कोर्सवर्क झालं. किमान 12 क्रेडिट्स. त्यात संशोधन आणि प्रकाशन यांची नीतिमत्ता हा सक्तीचा विषय. त्याच्या नोट्स मागच्या बॅचकडून झेरॉक्स करून मिळाल्या.

विषयाला नाव द्यायची पाळी आली. पोरानं लिहिलं होतं, 'खवा करताना तळाला थर धरू नये म्हणून'. सरांनी चष्मा काढला. हे बचत गटाच्या शिबिराचं नाव वाटतंय, म्हणाले. आठवडाभर घासून नवं नाव तयार झालं: 'परिभ्रमी पात्रातील सांद्रीभवनशील दुग्धद्रावामधील उष्णता संक्रमणाचे संगणकीय प्रारूपण'. घरी येऊन पोरानं ते वाचून दाखवलं. आप्पांनी उलथणं न थांबवता विचारलं, "म्हंजे खवाच ना?"

दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. समिती तीन माणसांची आणि तिघं एका दिवशी एका गावात असणं हा स्वतंत्र संशोधनाचा विषय. एकाची परीक्षा ड्यूटी, दुसऱ्याची नॅकची तयारी. प्रगती अहवालावर सह्या मात्र वेळेवर व्हायच्या. 'समाधानकारक' या शेऱ्यासाठी समितीनं अहवाल वाचला पाहिजे असं नियमात कुठे आहे?

आणि पेपर. 2016च्या नियमांत प्रबंधाआधी तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात निदान एक शोधनिबंध आणि दोन परिषदांमध्ये सादरीकरण सक्तीचं होतं. हेतू चांगला होता. सक्ती आली की बाजार येतो, तसा पैसे घेऊन आठ दिवसांत निबंध छापणाऱ्यांचा आला. तो आवरायला 2019 मध्ये केअर नावाची मान्य नियतकालिकांची यादी आली. मग यादीतल्या नावांची नक्कल करणारी संकेतस्थळं आली. 2022 मध्ये आयोगानं निबंधाची सक्तीच काढली आणि 2025 मध्ये यादीही गुंडाळली. चोर पकडायला पोलीस नेमायचा, पोलिसावर पोलीस नेमायचा आणि शेवटी चोरीचा कायदाच रद्द करायचा. बऱ्याच गाइडांना मात्र हे अजून कुणी कळवलेलं नाही. काँक्रीटवाले सर म्हणाले, "नियम काही असो, माझे दोन पाहिजेत." दोन्हींवर पहिलं नाव त्यांचं.

खरी गंमत साम्य तपासणीची. 2018च्या नियमाप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ. चाळीसपर्यंत गेलं तर प्रबंध सुधारून आणायचा, साठपर्यंत वर्षभर बंदी, साठच्या वर नोंदणीच रद्द. सर्वसाधारण ज्ञान यातून वगळावं असं नियम म्हणतो, पण ते सॉफ्टवेअरला कोण सांगणार? 'दूध उकळल्यावर त्यातील पाण्याची वाफ होते' हे वाक्य लाल झालं. कारण ते आधी कुणीतरी लिहिलं होतं आणि दुर्दैवानं ते खरंही होतं. पोरानं रात्र जागून लिहिलं, 'उत्कलनावस्थेस प्राप्त दुग्धद्रावातील जलांश बाष्परूपाने विलग होतो'. लाल रंग गेला. या हिशेबानं कुंथलगिरीचा पेढा आणि भूमचा पेढा तपासायला टाकले तर दोघांचीही नोंदणी रद्द होईल.

या सगळ्याला किमान तीन वर्षं, एरवी कमाल सहा आणि फेरनोंदणी केली तर आणखी दोन. पोरानं साडेसात लावली. 2023च्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार असं विचारलं होतं, त्यावर विद्यार्थी चिडले आणि योग्यच चिडले. पण भूममध्ये दिवा लावायला आधी लाइट यावी लागते, हेही कुणीतरी सभागृहात सांगायला हवं होतं.

प्रबंध बाहेरच्या दोन परीक्षकांकडे गेला. सहा महिन्यांत सगळं आटोपायचं असतं. पाच महिने तो एकाच्या टेबलावर होता. सहाव्या महिन्यात अहवाल आला: 'संदर्भसूचीत स्वल्पविराम तपासावेत.'

मग मौखिक परीक्षा. ही खुली असते, विभागातले शिक्षक, संशोधक विद्यार्थी आणि इतर इच्छुक तज्ज्ञ यांना बसता येतं. आप्पा मागच्या रांगेत बसले. तज्ज्ञ म्हणून कुणी विचारलं असतं तर त्यांच्याकडे हाताच्या भाजलेल्या खुणा सोडून दुसरं प्रमाणपत्र नव्हतं. पोरानं अठ्ठावन्न स्लाइड दाखवल्या. रंगीत आकृत्या, समीकरणं, तापमानाचे आलेख. अध्यक्ष म्हणाले, कुणाला काही विचारायचंय का, आणि घड्याळाकडे बघितलं. आप्पा उठले.

"साहेब, थर धरायच्या आधी एक वास येतो बघा. मशीनला तो कळतो का?"

सभागृहात शांतता. पोरानं गाइडकडे बघितलं, गाइडनं परीक्षकाकडे. परीक्षक अनुभवी होते. "उत्तम प्रश्न. पण तो प्रस्तुत अभ्यासाच्या मर्यादेबाहेर आहे. भावी संशोधनास वाव या प्रकरणात टाका." सगळ्यांनी मान डोलावली आणि पोरगा डॉक्टर झाला.

जेवणानंतर परीक्षकांच्या गाडीत दोन किलो खव्याचा डबा ठेवायचा होता. गाइड कौतुकानं म्हणाले, "सर, संशोधनातल्या मशीनवरचाच आहे बरं का."

"असं होय?" परीक्षकांनी झाकण उघडून वास घेतला आणि आवाज खाली आणून आप्पांना विचारलं, "भट्टीचा मिळेल का हो?"