शेंदूर आणि व्हार्निश

लासूर स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट बघताना शेजारच्या गृहस्थांनी सुनावलं, "खेडवळांना वारसा कळतच नाही. वीरगळ दिसला की फासला शेंदूर!" खरंय. परवाच बांधावरचा एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, पाहिला. थरांखाली घोड्याचं नुसतं नाक उरलेलं, आणि एक आजीबाई त्यावर बोटानं तेल निथळवत होत्या.

शिकलेल्यांच्या शेंदराला व्हार्निश म्हणतात, एवढाच फरक. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं अजिंठ्याची चित्रं वाचवायला थेट इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. सुटू लागलेली चित्रं त्यांनी भिंतीला धरून ठेवली, हे मान्य. पण वर लाखेचं व्हार्निशही चढवलं. ते पिवळं पडलं, आणि पुढं पुरातत्त्व खातं ते उतरवत बसलं. आजीबाई अडाणी, हे तज्ज्ञ!

मी विचारलं, "तुमच्याकडे आहे का हो जुनं काही?"

"आहे ना, दिवाणखान्यात दगडी नंदी. रानात पडून होता बिचारा."

"नोंदणी?"

तेवढ्यात त्यांची गाडी आली.

वीरगळ मात्र अजून बांधावरच आहे.