उणे अठरा

पुढच्या गुरुवारी दुपारी एक वाजता आपण काय खाणार, हे आजच ठाऊक असलेला एक तरी गृहस्थ प्रत्येक इमारतीत असतो. आमचे तिसऱ्या मजल्यावर राहतात, करावे गावातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, आई आणि वहिनींसह. नाव कशाला सांगू? त्यांना सगळे 'उणे अठरा' म्हणतात. घरगुती फ्रीजरचं तापमान उणे अठरा अंश असलं पाहिजे, हे वाक्य ते 'नमस्कार'च्या जागी वापरतात.

सीवूड्सहून सीएसएमटीपर्यंत तासभर लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाने दुपारी काय खावं, हा प्रश्न तसा जुना. मुंबईने तो १८९०च्या सुमाराला डबेवाल्यांवर सोपवला आणि ती निर्धास्त झाली. उणे अठरा निर्धास्त झाले नाहीत. डबा म्हणजे रोज सकाळी कुणीतरी पाचला उठणार, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे वहिनी. आठवड्याचं काम एका दिवसात उरकून वहिनींना झोपू द्यायचं, असा मूळ विचार. उदात्त आहे, नाही कोण म्हणतो? फक्त तेव्हापासून वहिनी रविवारी पाचला उठतात, कारण सिमला मिरची बारीक चिरायला यांना दुसरं माणूस लागतं.

हिवाळ्यातल्या रविवारी अर्धी नवी मुंबई दुर्बिणी गळ्यात अडकवून टी. एस. चाणक्य या नौवहन संस्थेच्या मागे रोहित पक्षी बघायला जाते. त्या वेळी हे ओट्यापाशी उभे राहून ब्रेडला लोणी लावत असतात. लोणी अगदी कडेपर्यंत, दोन्ही स्लाइसना आतून. चवीसाठी नव्हे, सारणाचं पाणी ब्रेडमध्ये शिरू नये म्हणून. सारण पंख्याखाली पूर्ण गार झाल्याशिवाय ब्रेडला स्पर्श नाही, कारण कोंडलेल्या वाफेचं पुढे पाणी होतं आणि पाण्याचा बर्फ. भरलेली सँडविचेस आधी ताटात सुटी-सुटी गोठवायची, दगड झाली की पिशवीत घालून हवा काढायची, वर मार्करने तारीख लिहायची. जुनं आधी, नवं मागून. रेशनच्या दुकानातही रांगेची एवढी शिस्त मी पाहिलेली नाही.

बंदी असलेल्या पदार्थांची यादी फ्रीजच्या दारावर चिकटवलेली आहे. काकडी आणि टोमॅटो, कारण आतल्या पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटतात आणि वितळल्यावर चिखल होतो. उकडलेलं अंडं, कारण पांढरं रबरासारखं होतं. मेयोनीज फुटतं. उकडलेला बटाटा रवाळ होऊन पाणी सोडतो. आता मुंबईच्या सँडविचमधून काकडी, टोमॅटो आणि बटाटा काढल्यावर उरतं काय, तर हिरवी चटणी आणि सँडविचवाल्याची आठवण. ही शंका मी एकदा बोलून दाखवली. त्यांनी मला पनीर-सिमला मिरची, मका-चीज आणि खिमा अशा तीन पिशव्या दाखवल्या आणि दार लगेच बंद केलं. दार उघडं राहिलं की त्यांना धाप लागते.

दुसऱ्यांच्या घरी गेले की आधी फ्रीज. कुणाकडे सत्यनारायण होता, तर प्रसाद हातात घेऊन हे स्वयंपाकघरात. खालच्या कप्प्यातला ब्रेड बाहेर काढून यजमानीणबाईंना सांगत होते, की ब्रेड नुसत्या गारव्यात बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, त्यातला स्टार्च कडक होतो. ठेवायचा तर सरळ गोठवा, नाहीतर बाहेर ठेवा. हे खरं आहे, मी नंतर पाहिलं. खरं असलं म्हणून सत्यनारायणाला सांगायचं असतं असं नाही.

त्यांचं दैवत क्लॅरेन्स बर्ड्सआय. हा अमेरिकन माणूस १९१२च्या सुमाराला आताच्या कॅनडातल्या लॅब्राडॉरला गेला. तिथल्या लोकांनी मासा पाण्याबाहेर काढला की तो थंडीत क्षणात गोठतो आणि कित्येक दिवसांनी शिजवला तरी ताजा लागतो, हे त्याने पाहिलं. झटकन गोठवलं तर स्फटिक बारीक होतात, हे मर्म त्याने ओळखलं आणि त्यावर धंदा उभा केला. ही कथा उणे अठरांनी गच्चीवर घरमालकीण आजींना ऐकवली. आजी आगरी, जन्म करावे गावात गेलेला, समोर ताडपत्रीवर जवळा वाळत पडलेला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, जवळ्यावरचा कावळा हाकलला आणि म्हणाल्या, "आमच्या जवल्याला लाईट नाय लागत."

पण खरी लढाई घरात आहे. फ्रीजर एकच, आणि त्यावर पहिला हक्क आईंचा. जानेवारीत स्वस्त झाल्यावर सोललेले मटार, खोवलेला नारळ, साफ केलेली कोलंबी, आल्या-लसणाचं वाटण. तुमच्याआमच्या आया ही बेगमी मुकाट्याने करत आल्या. चिरंजीवांनी मात्र तो आपला शोध असल्याप्रमाणे आईलाच समजावून सांगितला. "अरे, तू जन्मायच्या आधीपासून मी मटार सोलतेय," एवढंच आई म्हणाल्या आणि नारळाचा डबा खिम्याच्या पिशवीवर ठेवला. पुढे श्रावण आला. खिम्याच्या मांडीला मांडी लावून नैवेद्याचं खोबरं बसलेलं आईंना चालेना. वाटाघाटी झाल्या: डावी बाजू श्रावणाची, उजवी खिम्याची, मध्ये सीमारेषा म्हणून बर्फाचा ट्रे उभा. उभ्या ट्रेत बर्फ होत नाही. त्यामुळे उणे अठरांच्या घरी, जिथे शून्याखालच्या तापमानाशिवाय बोलणं नसतं, पाहुण्यांना कोकम सरबत कोमट मिळतं.

मे महिन्यात एकदा दुपारी वीज गेली. रविवार, फ्रीजर काठोकाठ भरलेला. आम्ही सगळे गच्चीवर, खाली वारा नाही म्हणून. हे आले नाहीत म्हणून पाहायला गेलो, तर फ्रीजवर गोधडी टाकलेली, वर सोलापुरी चादर, आणि समोर खुर्ची टाकून हे पहाऱ्यावर. कपाळावरून घाम ओघळत होता, पण एकुलता पुठ्ठा फ्रीजकडे तोंड करून हलत होता. "भरलेला फ्रीजर दार न उघडता अठ्ठेचाळीस तास टिकतो," ते म्हणाले, "अर्धा असेल तर चोवीस." मी विचारलं, "मग पहारा कशाला?" त्यांनी डोळ्यांनीच आतल्या खोलीकडे खूण केली. आत आई कोलंबीची आमटी करायची म्हणून खोबरं वाटायच्या तयारीत होत्या, आणि खोबरं डाव्या बाजूला होतं.

एवढ्या तपश्चर्येचं फळ ऑफिसात मिळतं. मायक्रोवेव्हमध्ये सँडविच लिबलिबीत होतं आणि फॉइलसकट ठेवलं तर ठिणग्या उडतात, म्हणून यांनी टेबलाच्या खालच्या खणात विजेचा टोस्टर ठेवला आहे. सकाळी पोचल्यावर पिशवी ऑफिसच्या फ्रीजमध्ये, एकच्या ठोक्याला टोस्टरची वायर प्लगमध्ये. ब्रेड खरपूस होतो, चीज कडेने सुटून करकरतं, चटणीचा वास अकाउंट्सपासून रिसेप्शनपर्यंत जातो. आणि मग लोक येतात. पहिला चतकोर चवीपुरता मागतो, दुसरा पहिल्याला का दिला म्हणून मागतो, साहेबांना तर मागावंच लागत नाही. एक वाजून दहा मिनिटांनी उणे अठरांपुढे फक्त बटर पेपर उरतो. मग शेजारच्या टेबलावरच्या बाई आपला डबा पुढे सरकवतात. पोळी-भाजी, बहुधा भेंडी, त्यांनी पहाटे पाचला उठून केलेली. हे गेलं वर्षभर चाललं आहे असं वहिनी सांगतात, आणि भेंडी आपल्यापेक्षा बरी असते हे त्यांना कुणी सांगितलं तेही सांगतात.

यावर उणे अठरांनी उपाय काढला आहे: दुप्पट सँडविचेस. त्यासाठी दुसरा फ्रीजर हवा, तोही आडवा, दुकानात आइस्क्रीमला असतो तसा. परवा कॅटलॉग घेऊन घरात सभा भरली. स्वयंपाकघरात जागा नाही, बाल्कनीत आजींचं लोणचं मुरतंय. आई म्हणाल्या, "सोफा काढ आणि तिथे ठेव. पाहुणे त्याच्यावरच बसतील."

वहिनी खो खो हसल्या. हे टेप घेऊन आले आणि झाकणावर माणसं किती मावतील ते मोजू लागले.