बाळाला इंग्लंड लागू नये म्हणून

गोव्यातल्या मोरजीच्या टेंबावर ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री येते, शंभरेक अंडी वाळूत पुरते आणि मागं वळूनही न बघता समुद्रात निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात ती थेट परदेशाच्या वाटेला लागतात. सोबत ना पासपोर्ट, ना दुपटं, ना आजी.

हा आदर्श आपल्या कामाचा नाही. तुमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. दीर इंग्लंडात स्विंडनला आहे. आजोबा 1961 च्या आधीच्या गोव्यात जन्मले, त्या पुण्याईवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेलेला. त्यानं महिनाभर राहायला बोलावलंय. तेव्हा ध्येय नीट समजून घ्या: बाळाला इंग्लंडला न्यायचं, आणि इंग्लंडचा वाराही लागू न देता परत आणायचं.

1. आधी फोटो काढा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागं पांढरा पडदा आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. आठ महिन्यांच्या बाळाचं तोंड फक्त झोपेत मिटतं आणि तेव्हा डोळेही मिटतात, ही अडचण सरकारच्या लक्षात आलेली नाही. गालावरची तीट पुसा. आजीच्या नकळत पुसा.

2. व्हिसाचा अर्ज गांभीर्यानं भरा. बाळाचा अर्ज वेगळा, फी वेगळी. दहशतवादी कारवायांत कधी भाग घेतला आहे का, असा प्रश्न त्यालाही आहे. रात्री अडीच वाजताचा अनुभव आठवून उत्तर देऊ नका. ‘नाही’ लिहा.

3. देवी मोरजाईला गाऱ्हाणं घाला. विमानाचा नंबर सांगा, मुंबईला विमान बदलायचंय तेही सांगा. सगळ्यांनी मोठ्यानं ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की तुमचं आरक्षण पक्कं.

4. आता सामान. इथं घाई नको, कारण खरा प्रवास इथंच होतो. आजी जे जे काढून ठेवतील ते सगळं भरा: नाचणीचं सत्त्व, बाळगुटीची सहाण, वेखंड, वावडिंग, मोहरीची उशी, अकरा कानटोप्या. तूप आणि पेढे मात्र काढा; दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. सुकी मासळी ठरावीक वजनापर्यंत चालते. म्हणजे ज्या देशात बाळाचं तूप अडवतात, तिथं सुके बांगडे सन्मानानं आत जातात. आपल्या पेडण्याच्या माणसाला एवढा दिलासा पुरे.

ग्राइप वॉटरच्या चार बाटल्याही घ्या. हे औषध विल्यम वूडवर्ड नावाच्या माणसानं 1851 मध्ये नॉटिंगहॅमला तयार केलं. पूर्वी त्यात थोडी दारूही असे, त्यामुळं बाळं शांत का होत याचा फार विचार करू नका. तर इंग्लंडचं औषध पेडण्याच्या फार्मसीत विकत घेऊन, कपड्यांत गुंडाळून, तुम्ही इंग्लंडला नेत आहात. बरोबर करताय.

5. मोपाच्या विमानतळावरून निघा. विमान खाली उतरताना बाळाचे कान दुखतात. त्या वेळी पाजा, गिळताना कानातला दाब मोकळा होतो. पूर्ण मार्गदर्शिकेत एवढा एकच सल्ला उपयोगी आहे, म्हणून लवकर उरकला. बाळ रडलं तर नवऱ्याकडं द्या आणि पुढच्या रांगेतल्या बाईसारखी नाराजीनं मागं वळून बघा.

6. स्विंडनला पोचल्यावर पहिली लढाई झोपेची. जाऊबाई सांगतील की इथं बाळाला उताणं झोपवतात, वेगळ्या पाळण्यात, उशीशिवाय, आणि खोली सोळा ते वीस अंशांवर ठेवतात. 1991 पासून तिथं ही मोहीम चालली आणि झोपेत दगावणारी बाळं खूप कमी झाली. तुम्ही मान डोलवा. मग मोहरीच्या उशीचं काय करायचं? व्हिडिओ कॉलवर आजीला दिसेल अशी टेबलावर ठेवा.

7. आता धुरी. बाळाला न्हाऊ घातलंय, अंग गरम आहे, निखारा नाही म्हणून तव्यावर ओवा आणि वावडिंग टाकलंत. इंग्लंडात 2015 पासून भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर धुराचा भोंगा सक्तीचा आहे, हे तुम्हांला तिसऱ्या मिनिटाला समजेल. घाबरू नका. दिराला खुर्चीवर चढवून टॉवेलनं वारा घालायला लावा. शेजारी दारात आला तर ‘बेबी बाथ’ म्हणा. दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या भीतीनं बाळाला दृष्ट लागली असं आजी सांगतील. मीठमिरच्या ओवाळा आणि त्याच तव्यावर टाका. दीर खुर्ची तिथंच ठेवू लागेल.

8. लोकांची सवय करून घ्या. गेली वीसेक वर्षं आपल्या किनाऱ्यावर रशियन आया उघडी बाळं वाळूत सोडून पुस्तक वाचत पडतात. आपण येता-जाता सांगत आलो: अगो, टोपी घाल त्याला, कान झाक, वारा बघ कसला सुटलाय. त्यांना एक अक्षर कळलं नाही. ‘स्पासिबा’ म्हणून हसल्या आणि पान उलटलं. आता स्विंडनच्या बसमध्ये तुम्ही बसल्या आहात. जून महिना, आणि बाळाला दोन स्वेटर, मोजे, कानटोपी. शेजारची म्हातारी बाळाकडं बघेल, खिडकीबाहेर बघेल आणि म्हणेल, ‘आज जरा उकडतंच, नाही?’ ती हवेबद्दल बोलतेय असं समजू नका. तिनं तुम्हांला झापलंय. तुम्ही हसून ‘थँक यू’ म्हणा आणि कानटोपीची गाठ घट्ट करा.

9. महिन्यानं परत या. मोपाच्या दारातच आजी बाळाला उचलतील, वजन कमी झालं म्हणतील, वाढलेलं असलं तरी. घरी आल्या आल्या आंघोळ, मग शेगडीवर खरे निखारे, ओवा, वावडिंग, सगळ्या खोलीत धूर. बाळ रडणार नाही, खोकणारही नाही. आजीच्या मांडीवर उताणं पडून ते वरच्या कौलांकडं बघत राहील, अजून वाजत कसं नाही म्हणून.