इथे पूर्वी काय होतं

क्रूझवरच्या माणसाला जगातलं कुठलंही शहर आठ तासांचंच असतं. सकाळी बोट धक्क्याला लागते, संध्याकाळी सुटते आणि मधल्या वेळात जे काही गाव असेल ते उरकायचं असतं. मुंबईपुरता हा उरकण्याचा कार्यक्रम ठरलेला आहे. गेटवे, मणिभवन, सीएसएमटीचा समोरून फोटो आणि महालक्ष्मीचा धोबीघाट. आपले कपडे कोण आणि कुठे धुतं हे बघायला आपण जन्मात गेलो नाही. साहेब मात्र पुलावर उभा राहून दुसऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींचे फोटो काढतो आणि तृप्त होऊन बोटीवर परततो.

अशाच एका बोटीतून आमचे इंग्रज व्याही आणि विहीणबाई येणार होते. पुतण्याचे सासू-सासरे, राहणार यॉर्कशायर. बोट दुबईहून निघालेली, मुंबईत एक दिवस मुक्काम, तोही रविवारी. बोटवाल्या कंपनीच्या स्थलदर्शनाचा माणशी दर पुतण्यानं पौंडात सांगितला, मी मनात त्याचे रुपये केले आणि आमचं दोन महिन्यांचं वाणसामान डोळ्यांपुढे आलं. ‘‘काका, तुम्हीच दाखवा ना,’’ पुतण्या म्हणाला, ‘‘तुम्हाला इतिहासाची आवड आहे.’’ निवृत्त ठाणेकराला हे वाक्य ऐकवणं धोक्याचं असतं. तो फोन ठेवायच्या आत कार्यक्रम तयार झाला होता.

‘‘त्यांना मुंबई दाखवायची आहे,’’ हिनं आठवण करून दिली. ‘‘ठाणं नव्हे. आणि नौपाडा तर नव्हेच.’’

माझं म्हणणं साधं होतं. रोम बघायला जाणाऱ्यांची बोट चिवितावेक्किया नावाच्या बंदराला लागते. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. बोरीबंदर ते ठाणे जेमतेम ३४. शिवाय पायंडाही आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी या देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली. चौदा डबे, चारशे पाहुणे, साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि वर एकवीस तोफांची सलामी. हे चारशे मानकरी कुठे गेले? वाळकेश्वरला? महालक्ष्मीला? ठाण्याला आले. इथे तंबूत खाल्लं, प्यायले, भाषणं ऐकली आणि संध्याकाळी परत गेले. यालाच आता क्रूझवाले शोअर एक्सकर्शन म्हणतात. फक्त बोट नव्हती, ती आमच्या व्याह्यांनी आणली.

हिनं यावर काही उत्तर दिलं नाही. ती फ्रिज उघडून किती दही आहे ते बघायला लागली. आमच्या घरात याला मान्यता समजतात.

बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून व्याही बाहेर पडले ते हातात छोटी वही घेऊनच. इंग्रजांत रेल्वेचं वेड असणारी एक जात असते. ही माणसं थंडीवाऱ्यात फलाटाच्या टोकाला उभी राहून इंजिनांचे नंबर टिपतात आणि त्यालाच सुटी म्हणतात. व्याही त्यातले निघाले. १८५३च्याच मार्गानं जायचं म्हटल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन इतका वेळ हलवला की, मला मागे उभ्या असलेल्या हिच्याकडे वळून बघण्याची संधी मिळाली. सीएसएमटीची १८८८ची इमारत, जागतिक वारसा वगैरे, मी चालता चालता दाखवली. ती काय, तिथेच आहे. कुठे जातेय!

स्लो लोकल घेतली. फास्टनं गेलो असतो तर पायंडा मोडला असता. पहिल्या गाडीला सत्तावन्न मिनिटं लागली अशी नोंद सांगितली जाते. व्याह्यांनी घड्याळ लावलं होतं, त्यात आम्हाला एकोणसाठ लागली. पावणेदोनशे वर्षांत दोन मिनिटांची पिछेहाट! मी ओशाळलो, पण ते म्हणाले की मधले थांबे बघता कामगिरी उत्तम आहे. त्यांच्याकडे रविवारी गाडी आली तरी पुरे. रविवारची सकाळ असल्यामुळे विहीणबाईंना खिडकीही मिळाली होती आणि मुलुंडपर्यंत त्या मुंबईची लोकल उगीचच बदनाम आहे असं म्हणत होत्या. ठाण्याला उतरताना त्यांचं हे मत बदललं.

ठाण्याचा मार्गदर्शक होण्यात एक अडचण आहे आणि ती धंद्याच्या मुळावरच येते. आमच्याकडे इतिहास भरपूर आहे, पण बघायला काही मिळत नाही. पहिल्या गाडीच्या पाहुण्यांचे तंबू कुठे होते? इथेच कुठेतरी, असं म्हणून मी रिक्षांच्या रांगेवरून हात फिरवला. मार्गदर्शकानं हात नेहमी लांबवर फिरवावा, बोट दाखवू नये. व्याह्यांनी रिक्षांचा फोटो काढला.

मग मासुंदा तलाव. इथे मी मार्को पोलो काढला. तेराव्या शतकाच्या अखेरीला त्यानं आपल्या ग्रंथात ठाण्याची नोंद घेतलीय. हे मोठं राज्य आहे, इथून कमावलेलं कातडं आणि सुती कापड बाहेर जातं, सोनं-चांदी-तांबं आत येतं, असं तो म्हणतो. पुढे तो असंही सांगतो की इथल्या राजाचं समुद्रावरच्या चाच्यांशी संगनमत आहे. लूट चाच्यांनी घ्यावी, त्यातले घोडे राजाला द्यावेत असा करार. म्हणजे परगावच्या माणसाचं वाहन ठाण्यात शिरलं की ते सुखरूप परत मिळेल याची खात्री तेव्हाही नव्हती. आता फक्त ते टो करून नेतात आणि पावती देतात.

पोलोच्या मागून ओदोरिक नावाचा इटालियन फ्रान्सिस्कन साधू आला. १३२१ साली ठाण्यात त्याच्या पंथाचे चार साधू मारले गेले होते. त्यांच्या अस्थी गोळा करून तो बोटीनं थेट चीनला घेऊन गेला. इतकं मोठं कार्य डोक्यावर असताना या गृहस्थानं ठाण्याबद्दल आवर्जून काय लिहून ठेवावं? इथले उंदीर कुत्र्यांएवढे असतात आणि ते मांजराला आवरत नाहीत, म्हणून लोकांनी या कामाला कुत्री लावली आहेत! सातशे वर्षांपूर्वीचा अभिप्राय आहे, अजून कोणी खोडून काढलेला नाही. विहीणबाईंनी पाय किंचित उचलून घेतले.

‘‘आणि ते बंदर?’’ व्याह्यांनी विचारलं. खाडी तिकडे आहे, मी सांगितलं. मोठी गलबतं आता येत नाहीत, गाळ आहे. शिलाहारांची राजधानी? हीच, पण जमिनीखाली. अठराव्या शतकात किल्ल्याजवळ खणताना एक ताम्रपट मिळाला होता. तो बघता येईल? नाही.

किल्ला मात्र आहे. चांगला दणकट आहे. पण त्यात ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आत जायचं तर त्यासाठी पर्यटनापेक्षा वेगळ्या प्रकारचे प्रयत्न करावे लागतात. आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं भिंत बघितली. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला आणि १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी. ‘‘म्हणजे तुमच्या लोकांनी,’’ मी म्हणालो. ‘‘सॉरी,’’ व्याही म्हणाले. इंग्रज माणूस दुसऱ्याच्या पायावर पाय पडला तरी आणि दुसऱ्याचा किल्ला घेतला तरी सारख्याच आवाजात सॉरी म्हणतो.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगितली, ती मात्र इतकी रंगली की कार्यक्रमाचा ताळमेळच बिघडला. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या प्रकरणात पेशव्यांच्या या कारभाऱ्याला इंग्रजांनी याच किल्ल्यात कोंडलं होतं. पहाऱ्यावर नेटिव शिपाई ठेवला तर तो फितूर होईल, म्हणून सगळे पहारेकरी युरोपियन. बंदोबस्त चोख. फक्त एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोतद्दार रोज खिडकीखालून घोडा फिरवायचा आणि फिरवताना गाणी म्हणायचा. गाण्यात पळून जाण्याचा बेत! घोडे कुठे उभे आहेत, सोबतीला माणसं किती आहेत, सगळं चालीवर. पहारेकऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. नेटिव माणूस कामात रमलाय असं त्यांना वाटत राहिलं. १८१६च्या सप्टेंबरातल्या एका रात्री त्रिंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून पसार झाले. पुढे बिशप हेबर ठाण्यात आला, त्यानं हे प्रकरण आणि त्या गाण्याचा आशय आपल्या प्रवासवर्णनात टिपला.

विहीणबाईंना ही गोष्ट फार आवडली. चाल कोणती होती, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. मोतद्दाराचं पुढे काय झालं हेही विचारलं. जावई घरात मराठीत फोनवर बोलत असतो तेव्हा यापुढे लक्ष ठेवायला हवं, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मग मी त्याच भिंतीकडे बघून सांगितलं की अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना १९ एप्रिल १९१० रोजी इथे फाशी दिलं. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचा होता. या वेळी व्याही सॉरी म्हणाले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत पुन्हा घातली नाही.

तिथून मामलेदार मिसळ. मामलेदार कचेरीच्या शेजारी म्हणून मामलेदार. कचेरीत जाण्याची हौस कोणाला नसते, पण मिसळीसाठी रविवारी फुटपाथवर रांग असते. व्याह्यांसाठी आम्ही कमी तिखट सांगितली, तरी त्यांचा चेहरा बोटीवरच्या धोक्याच्या दिव्याच्या रंगाचा झाला. विहीणबाईंनी मात्र तिखट मागवली, रस्सा दोनदा घेतला आणि रुमालानं शांतपणे ओठ टिपले. ब्रॅडफर्डमध्ये वाढल्या आहेत. तिथे करी हे घरचंच जेवण आहे, हे मला माहीत असायला हवं होतं असं हिचं मत पडलं.

शेवटी नौपाडा. गोखले रोडला लागल्यावर मी खऱ्या अर्थानं फॉर्मात आलो. इथे पूर्वी बंगला होता, मागे विहीर होती, रायवळ आंब्याची चार झाडं होती. इथे पूर्वी चाळ होती. इथे आमची तीन मजल्यांची सोसायटी होती, ती पाडली, आता बावीस मजल्यांची होतेय. तो समोरचा हिरवा पडदा आहे ना, त्याच्या आत आमच्या मित्राचा पत्ता आहे, मित्र सध्या भाड्याच्या जागेत कळव्याला आहे. इथे पूर्वी असं दुकान होतं की मालक गिऱ्हाइकाला वस्तू देण्याऐवजी ती का घेऊ नये हे समजावून सांगायचा. घंटाळीपासून विष्णुनगरपर्यंत आणि तिथून राम मारुती रोडपर्यंत मी त्यांना एकही अस्तित्वात असलेली गोष्ट दाखवली नाही आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही.

विहीणबाईंनीच विचारलं. फार अदबीनं. ‘‘काका,’’ (माझं नावच काका आहे असा दोघांचा शेवटपर्यंत समज होता) ‘‘आणि आत्ता इथे काय आहे?’’

या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती. शिलाहार, पोलो, पोर्तुगीज, पेशवे, सगळे पाठ होते. ‘आत्ता’ हा कालखंड माझ्या अभ्यासात नव्हता.

मग सूत्रं हिनं हाती घेतली. ही आयुष्यात कधी हेबर वाचणार नाही, पण गावदेवीच्या मंडईत कोणत्या गाळ्यावर वालाच्या शेंगा कोवळ्या मिळतात हे तिला माहीत आहे. विहीणबाईंनी शेंगा हातात घेऊन बघितल्या, अळूची जुडी बघितली, आणि भाजीवालीनं ‘‘कुठनं आल्या पाव्हण्या?’’ म्हणून त्यांच्या पिशवीत दोन मिरच्या आणि कढीलिंब फुकट टाकला, तेव्हा बोटीवर ताजी भाजी-फळं नेऊ देत नाहीत हे सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. पोळीभाजी केंद्राच्या काचेतून दोघी बराच वेळ पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे हात बघत उभ्या राहिल्या. नंतर हिनं त्यांना गजरा माळला, चकल्या घेऊन दिल्या आणि गोखले रोड सिग्नलशिवाय कसा ओलांडायचा ते शिकवलं. यॉर्कशायरला पोचल्यावर आलेल्या पत्रात व्याह्यांनी लोकलच्या एकोणसाठ मिनिटांबद्दल लिहिलं. विहीणबाईंच्या दोन पानांत नुसतं गोखले रोड ओलांडणं आहे. त्रिंबकजी एका ओळीत. मार्को पोलो नाहीच.

परतताना मेगाब्लॉकची भानगड नको म्हणून गाडी केली होती. कंपनीच्या स्थलदर्शनाला गेलेली बस उशिरा आली तर बोट तिच्यासाठी थांबते. खासगी गाइडबरोबर गेलेल्यांसाठी थांबत नाही. सुटायच्या तासभर आधी सगळ्यांनी आत हवं असा दंडक असतो आणि राहिलेल्या प्रवाशानं पुढचं बंदर स्वखर्चानं गाठायचं असतं. हा नियम व्याह्यांनी मला मुलुंडपासून चेंबूरपर्यंत तीन वेळा समजावून सांगितला. फ्रीवेवर गाडी सुसाट निघाली तेव्हा ते गप्प झाले, आणि धक्क्यावर पोचलो तेव्हा कंपनीची बस अजून धोबीघाटाहून यायची होती.

तेव्हा मुंबईला बोटीनं येणारे कोणी परदेशातले नातेवाईक असतील, त्यांच्या हातात आठ तास असतील आणि कंपनीचा दर परवडत नसेल, तर नौपाड्यात आमच्याकडे जरूर कळवावं. इतिहास माझ्याकडे, मंडई हिच्याकडे. फी अजून ठरवलेली नाही, मात्र मिसळीचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे आहेत. आणि शक्यतो रविवार नको.