लाकूड, लिनक्स आणि हयातीचा दाखला

निवृत्तीनंतर लिनक्स शिकायला लागणारे साहित्य घरातच सापडते: मुलाने टाकून दिलेला लॅपटॉप आणि रिकामी दुपार. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे मोफत अपडेट संपले, तेव्हापासून पहिल्या वस्तूचा पुरवठा वाढला. दुसरीचा तुटवडा कधीच नव्हता. शिवाय लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली फुकट मिळते, आणि फुकट म्हणजे काय हे पेन्शनरला समजावून सांगावे लागत नाही. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते छंद म्हणूनच जाहीर केले. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. छंदाला वयाची अट नसते, हे जपानच्या मासाको वाकामिया यांनी दाखवले. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाईंनी २०१७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, बाहुल्या मांडण्याचा ‘हिनादान’ हा आयफोनवरचा खेळ तयार केला.

नागपूरच्या लकडगंजात या विद्येची परिभाषा जड जाऊ नये. लाकडाची टाल आणि आरा मशीन पाहत वाढलेल्या माणसाला रूट, ट्री, ब्रँच, लॉग हे शब्द मूळ, झाड, फांदी आणि ओंडका म्हणून आधीच भेटलेले असतात. फरक इतकाच, की लिनक्सचा लॉग घनफुटात मोजत नाहीत आणि तो तोडल्यावरही वाढतच राहतो. यंत्रात घडलेल्या बारीकसारीक गोष्टी त्यात टिपल्या जातात, हे कळताच माजी कारकुनाला आवक-जावक रजिस्टर आठवते.

पहिली अडचण ‘सूडो’ या आज्ञेची. नवे सॉफ्टवेअर बसवायचे तर आधी सूडो लिहून पासवर्ड द्यावा लागतो. तो टाइप करताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडला असा निष्कर्ष निघतो आणि नातवाला हाक जाते. अधिकृत यादीत नाव नसलेल्याने सूडो वापरला, तर झाल्या प्रकाराची वर खबर दिली जाईल, अशी ताकीद वर्षानुवर्षे मिळत आली आहे. वर म्हणजे कुठे, हे विचारायचे नसते, एवढे नोकरीने शिकवलेले असते. दुसरी अडचण ‘आरएम’ची. ही आज्ञा फाइल कचरापेटीत न टाकता थेट नाहीशी करते. आऱ्याखालून गेलेला ओंडका तरी भुसा मागे ठेवतो.

अँड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्सच असल्याने पुढची पायरी मोबाइल ॲपची. अँड्रॉइड स्टुडिओ फुकट आहे, पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते, आणि टाकून दिलेला लॅपटॉप काही उगाच टाकलेला नसतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडचे ॲप बनवणे, सुरू केला, की लॅपटॉपचा पंखा कूलरशी जुगलबंदी करतो. वामकुक्षी होते, चहा होतो, बिल्ड होत नाही. ॲपचे विषय ठरलेले: दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख, रक्तदाबाची नोंद. ही तिन्ही कामे भिंतीवरचे कॅलेंडर चार्जिंगशिवाय करत आलेले असते.

प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच, २५ डॉलरांत होते. मग नव्या वैयक्तिक खात्याला १२ परीक्षक सलग १४ दिवस दाखवावे लागतात. सकाळी फिरायला येणारे बारा जण तर्री-पोह्यांच्या एका प्लेटीवर तयार होतात. चौदा दिवस टिकवायला चौदा प्लेटी लागतात. “टाकलं ना जी ॲप, आता उघडाचंही आहे का?” हा त्यांचा अभिप्राय.

ॲप प्रसिद्ध झाले तरी काम संपत नाही. साधारण दर ऑगस्टअखेर ते नव्या अँड्रॉइडशी जुळते करावे लागते. फार मागे पडलेले ॲप नव्या फोनच्या नव्या ग्राहकांना दिसेनासे होते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणाऱ्याला यात नवल वाटत नाही. डायरीत दोन नोंदी होतात: ऑगस्टमध्ये ॲपचा दाखला, नोव्हेंबरात स्वतःचा.